मोबाइल कंपनीपासून ब्राउझिंग लपवायचंय: प्रायव्हेट डीएनएस की व्हीपीएन?

अमेरिकेत व्हेरायझन ही मोबाइल कंपनी आपल्या ग्राहकांच्या वेब रिक्वेस्टना गुपचूप ओळखक्रमांक चिकटवत असे, जाहिरातींसाठी. 2016 मध्ये त्यापायी 13.5 लाख डॉलर मोजावे लागले. एचटीटीपीएसमुळे (ब्राउझर आणि साइटमधली देवाणघेवाण कुलूपबंद करणारी पद्धत) ती चलाखी आता अवघड आहे, पण तुम्ही कुठल्या साइटवर गेलात हे कंपनीला अजूनही कळतं.

प्रायव्हेट डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता विचारणं गुप्त ठेवणारी सोय, फुकट. अँड्रॉइड 9 पासून सेटिंगमध्येच आहे. पण झाकतो अर्धंच. साइटचा पत्ता विचारणं लपतं, कनेक्शन जोडताना मात्र तिचं नाव बहुधा उघडंच जातं.

व्हीपीएन, म्हणजे तुमचं ब्राउझिंग कुलूपबंद करून आपल्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा, चालू असेल तर कंपनीला दिसतो फक्त व्हीपीएनचा सर्व्हर आणि किती डेटा गेला ते. मात्र तीच टेहळणी आता व्हीपीएनवाला करू शकतो! फुकटातला घेतलात तर आगीतून फुफाट्यात. मी तरी पैसे भरूनच घेईन.