टॅप कशाने करावे: कार्डाने की फोनने?

दुकानात पैसे भरताना मशीनला कार्ड टेकवा किंवा फोन, हवेतून होणारी देवाणघेवाण दोन्हींची जवळपास सारखीच असते. मशीन १३.५६ मेगाहर्ट्झ वारंवारतेचे क्षेत्र निर्माण करते आणि त्याचा पल्ला जेमतेम चार सेंटिमीटर असतो. कार्डात बॅटरी नसते. पारदर्शक कार्ड उजेडात धरले की कडेने वेटोळे घेत गेलेली बारीक तार दिसते; तीच त्या क्षेत्रातून चिपला क्षणभर पुरेल एवढी वीज मिळवून देते. चिप मग प्रत्येक व्यवहारासाठी नवा गुप्त संकेत तयार करते, त्यामुळे एकदा चोरून ऐकलेली माहिती पुन्हा वापरून पैसे काढता येत नाहीत.

खरा फरक आहे तो मशीनला कोणता क्रमांक मिळतो आणि व्यवहार करणारे आपणच आहोत याची खात्री कोण करून घेते, यात. कार्ड सहसा आपला मूळ क्रमांक आणि मुदत मशीनला देते, मागच्या बाजूचे तीन आकडे मात्र देत नाही. फोनमध्ये मूळ क्रमांकाऐवजी केवळ त्या फोनपुरता दिलेला पर्यायी क्रमांक, म्हणजे टोकन, असते. फोन हरवला तर बँक तेवढे टोकन बंद करते आणि कार्ड चालू राहते. कार्ड हरवले तर ते बंद करून नवे घ्यावे लागते, आणि बंद होईपर्यंत ज्याच्या हाती ते पडेल त्याला ठरावीक मर्यादेपर्यंत पिनशिवाय पैसे भरता येतात. फोन मात्र साधारणपणे आधी बोट, चेहरा किंवा पासकोड मागतो, म्हणूनच अनेक ठिकाणी मोठ्या रकमाही त्यावरून मशीनवर पिन न टाकता भरता येतात. माझ्या मते फोनच्या बाजूने झुकते माप देण्यास हे एक कारण पुरेसे आहे.

कार्डाची जमेची बाजू म्हणजे त्याला चार्जिंग लागत नाही. इंटरनेटची चिंता पुष्कळांना वाटते, पण टेकवण्याच्या क्षणी फोनलाही सहसा त्याची गरज पडत नाही. बॅटरी संपली तर मात्र बहुतेक वेळा फोनचा इलाज चालत नाही, म्हणून प्रवासात कार्ड जवळ असलेच पाहिजे. ज्यांना चेहऱ्याने किंवा बोटाने फोन उघडणे जड जाते, अशा वडीलधाऱ्यांसाठीही कमी मर्यादा ठेवलेले कार्डच अधिक सोयीचे ठरेल.

फोन निवडणाऱ्यांनी पासकोडकडे विशेष लक्ष द्यावे. बोट किंवा चेहरा ओळखता आला नाही की फोन पासकोडवरच येतो, आणि तो ०००० किंवा जन्मसालासारखा असेल तर वर सांगितलेले संरक्षण नावापुरतेच उरते. कार्ड निवडणाऱ्यांनी ते पाकिटातून बाहेर काढूनच टेकवावे, कारण आत दोन कार्डे एकत्र असतील तर मशीन व्यवहार नाकारते किंवा भलत्याच खात्यातून पैसे जाऊ शकतात.