खोक्यावरचे १४५ वॅट विसरा: यामाहा आरएक्स-व्ही३८५ की सोनी एसटीआर-डीएच५९०?

होम थिएटरचे स्पीकर चालवणारे हे दोन एव्ही रिसीव्हर. सोनीच्या खोक्यावर १४५ वॅट, यामाहाच्या माहितीपत्रकात ७०. गिऱ्हाईक सोनीकडेच झुकणार! पण ते १४५ एकच चॅनेल (म्हणजे एकाच स्पीकरची बाजू), तोही १ किलोहर्ट्झवर चालवून मोजलेले. दोन चॅनेल, २० ते २०,००० हर्ट्झ अशी कडक अट लावली की सोनीचे उरतात ९०, तेही ६ ओहमच्या स्पीकरला (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा). यामाहाचे ७० मुळातच दोन चॅनेलच्या कडक अटीवरचे. ९० आणि ७० मधला फरक कानाला जेमतेम जाणवतो. म्हणजे दोघे जवळजवळ सारखेच. सांगलीच्या विश्रामबागेतल्या फ्लॅटच्या बारा बाय पंधराच्या हॉलला कुठलाही पुरून उरतो.

दोन्ही ५ चॅनेलचे, ४ एचडीएमआय इनपुट, ब्लूटूथ. अॅटमॉस (वरूनही आवाज येतोय असं भासवणारी डॉल्बीची पद्धत) दोन्हींत नाही. हवंच असेल तर सोनीचाच सात चॅनेलचा डीएच७९० बघा, पण स्लॅबचं सपाट छत असेल तरच. वरच्या दिशेला आवाज फेकणारे स्पीकर कौलारू घरात किंवा तुळया असलेल्या माळवदाखाली वाया जातात. सोनीला सबवूफरची (खर्जाच्या स्पीकरची) दोन आउटपुट आहेत. एकच सब लावणार असाल तर त्याचं कौतुक नको.

खरी निवड शोकेसवर ठरते. सोनी १३.३ सेंटिमीटर उंच, यामाहा १६.१. खण बेताचा असेल तर सोनी घ्या, कारण वर मोकळी जागा हवीच. काचेचं दार लावून वापरलात तर तापून बंद पडेल. जागा असेल तर आमचं मत यामाहाला: ‘सीन’ नावाच्या बटणाने इनपुट आणि सेटिंग एकदम बदलतं, घरातल्या मोठ्यांना रिमोट शिकवत बसावं लागत नाही.

खोलीप्रमाणे स्पीकरचा आवाज मोजून जुळवणारा माइक दोन्हींसोबत येतो. तो हातात धरू नका. बसल्यावर कान जिथे येतो तितक्या उंचीवर स्टँडला लावा. पंखा बंद, बोअरची मोटर बंद. मोजणी झाल्यावर सेटिंग उघडून बघा: छोटे स्पीकर ‘लार्ज’ धरले असतील तर ‘स्मॉल’ करा, क्रॉसओव्हर (ज्याखालचा खर्ज सबकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झ. यामाहाने ‘आउट ऑफ फेज’ (वायर उलटी लागल्याचा इशारा) दाखवलं तर त्या स्पीकरची लाल-काळी वायर तपासा. वायर बरोबर असेल तर पुढे चला, कधीकधी उगाच दाखवतो.

टीव्ही एआरसीने (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरनेच रिसीव्हरकडे आणणारी सोय) जोडला आणि मागचे स्पीकर गप्प, तर रिसीव्हरला दोष देण्याआधी टीव्हीचं ऑडिओ आउटपुट पीसीएमवरून बिटस्ट्रीमवर करा. पीसीएमवर एआरसीतून दोनच चॅनेल येतात.

जुन्या रेडीमेड होम थिएटरचे स्पीकर वापरायचा मोह होतो. मागे ३ ओहम लिहिलं असेल तर लावू नका, आवाज चढवला की प्रोटेक्शन पडून रिसीव्हर बंद होईल. वायर तांब्याचीच, दीड स्क्वेअर एमएम. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, आणि दुरुस्ती सांगलीतच होते की कोल्हापूर-पुण्याला पाठवतात, हे पैसे मोजण्याआधी विचारा.