दोन दिवसांत अष्टविनायक: पुण्याहून निघणारी मिनीबस सहल

शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री परत, ही सहल जमते. पण सगळं क्रमावर अवलंबून आहे. शास्त्रोक्त क्रम मोरगावपासून सुरू होतो. तो धरला तर सिद्धटेकहून थेट पाली गाठावी लागते आणि दोन दिवस पुरत नाहीत. म्हणून थेऊर, मोरगाव, सिद्धटेक, रांजणगाव, ओझरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी लेण्याद्री, महड, पाली ही आखणी योग्यच.

सिद्धटेकला मात्र घाई होते. इथला गणपती उजव्या सोंडेचा, मूर्ती टेकडीला लागून. त्यामुळे प्रदक्षिणा टेकडीसकट घालावी लागते. सहलीत त्याला वेळच ठेवलेला नसतो, ही मोठी उणीव.

ओझरचं भक्तनिवास साधं पण सोयीचं. तिथून लेण्याद्री सकाळी लवकरच गाठावं: तीनशेच्या आसपास पायऱ्या, ऊन चढलं की दगड तापतो, आणि माकडं हातातली प्रसादाची पिशवी सरळ ओढून नेतात. पिशवी गाडीतच ठेवा, पुरातत्त्व खात्याच्या तिकिटापुरते पैसे खिशात. वरचा सभामंडप अखंड खडकात कोरलेला, एवढा मोठा असूनही आत एकही खांब नाही. दहा मिनिटं तरी तिथं बसावं.

लेण्याद्री ते महड हा सगळ्यात लांब टप्पा. चाकणला वाहतूक तुंबते, म्हणून दहाच्या आत निघणारा चालकच निवडा. संकष्टीला लागून येणारा शनिवार-रविवार टाळा. रांगेतच दिवस जातो.

पैसे भरण्याआधी टोल, पार्किंग आणि चालकाचा रात्रीचा भत्ता भाड्यात धरलाय का, हे लिहून घ्या.