पट्टी खाजवत नव्हती, तेव्हाच कळायला हवं होतं

बावीस वर्षं मी मोटरी भरतोय, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून देतोय. वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावात माझं दुकान आहे. विहिरीवरच्या तीन, पाच, साडेसात एचपीच्या मोटरी, पिठाच्या चक्क्या, आणि दिवाळीनंतर कापूस बाजारात आला की जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांचं काम. एवढी वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला हातातली पट्टी खरी की खोटी हे ओळखता येऊ नये, हे सांगताना मान खाली जाते. तरी सांगतो. ज्यानं मला खोटी पट्टी विकली तो माणूस अजून फिरतोय, आणि तीच हिरवी पट्टी आणखी दोन दुकानांत मी स्वतः पाहिली आहे.

मोटर उघडलेली ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टेटरच्या, म्हणजे मोटरीच्या न फिरणाऱ्या भागाच्या, प्रत्येक खाचेत आधी वीज अडवणारा पेपर बसतो, त्यात कॉईल, म्हणजे तारेचे वेढे, आणि वरून खाचेच्या तोंडात ठोकत सरकवलेली पट्टी. कुणी तिला वेज म्हणतं. गिऱ्हाईक तांब्याचं वजन विचारतं, वार्निश कोणतं ते विचारतं, पट्टीबद्दल कुणी विचारत नाही. पण कॉईल खाचेत धरून ठेवते ती हीच. आपली वीज पन्नास सायकलची, म्हणजे कॉईलला सेकंदाला शंभर हिसके बसतात. मोटर सुरू होताना करंट सहा-सात पट ओढला जातो आणि हिसक्याची ताकद करंटच्या वर्गानं वाढते. सहापट करंट म्हणजे छत्तीसपट जोर. पट्टी ढिली पडली की तार पत्र्याला घासत राहते, तारेवरचं इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा थर, जातं आणि एक दिवस मोटर अर्थ होते, करंट तिच्या अंगात उतरतो. पट्टी बाहेर आली तर त्याहून वाईट, कारण आत फिरणारा रोटर आणि स्टेटर यांच्यामधली फट अर्धा-पाऊण मिलिमीटरची असते.

विहिरीवरच्या मोटरींना मी इतकी वर्षं बांबूचीच कामटी वापरत आलो. बुरडाकडून घ्यायची, उन्हात खडखडीत वाळवायची, वार्निशमध्ये बुडवायची. त्या कामटीनं मला एकदाही दगा दिला नाही. पण मागच्या हंगामात एका जिनिंगवाल्यानं सक्शन फॅनची ३० एचपी मोटर पाठवली आणि त्याच्या इलेक्ट्रिशियननं अट घातली की सगळं एफ क्लासचं पाहिजे, बांबू चालणार नाही. एफ क्लास म्हणजे १५५ अंशाला टिकणारं. तिथे ग्लास इपॉक्सीची, म्हणजे काचेच्या धाग्यांत राळ भरलेली, पट्टी लागते. नागपूरच्या माझ्या नेहमीच्या व्यापाऱ्याकडे ती ५२० रुपये किलो होती आणि मला हवा तो ८ मिलिमीटरचा माप आठ दिवस येणार नव्हता. जिनिंगवाला रोज दोन फोन करत होता. ही परिस्थिती लक्षात घ्या. हावरटपणा म्हणून मी त्या माणसाकडे गेलो नाही.

तोच आला. मोटारसायकलवर, पाठीला बॅग, बॅगेत नमुने. रिवाइंडिंगवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर आधीपासून त्याचे मेसेज येत होते, म्हणून चेहरा नाही तरी नाव ओळखीचं वाटलं. बसला, चहा घेतला, म्हणाला, "मधात कोणी दुकानदार नाही दादा, डायरेक्ट फॅक्टरी." पट्टी ३४० रुपये किलो. मी भोळा नाही. मी त्याच्यासमोर नमुना लायटरवर धरला. काळा पडला, लायटर बाजूला करताच विझला, आणि राळ जळून गेल्यावर आत पांढऱ्या काचेच्या धाग्यांची वीण दिसली. खरी ग्लास इपॉक्सी अशीच जळते. नमुना शंभर टक्के खरा होता. हे मी कुणासमोरही सांगायला तयार आहे.

ऑर्डर दिली ३० किलो पट्टी, १०,२०० रुपये, आणि ४० किलो पेपर, ३१० च्या भावानं १२,४०० रुपये. १८ टक्के जीएसटी ४,०६८. एकूण २६,६६८. अर्धे, म्हणजे १३,३३४, त्याच वेळी मोबाइलवरून पाठवले. उरलेले १३,३३४ ट्रान्सपोर्टच्या पावतीचा फोटो आल्यावर. खाजगी बसच्या टपावरून माल आला, त्याचे ४५० वेगळे.

पेपर चांगला निघाला. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण त्याची सगळी चलाखी यातच होती. आधी पेपराचं बंडल फोडलं, दोन्ही बाजूंनी खेचून पाहिला, फाटला नाही, मधली फिल्म धड होती. पट्टीच्या गठ्ठ्यावरच्या पहिल्या चार-पाच पट्ट्याही खऱ्याच होत्या. त्यातली एक पुन्हा जाळून पाहिली आणि बाकी गठ्ठा उघडलाच नाही. गठ्ठ्याच्या मधली पट्टी काढून जाळा. वरची कधीच नाही.

आता ज्या क्षणाचा विचार करून मला अजून रात्री झोप लागत नाही तो सांगतो.

ग्लास इपॉक्सी ज्यांनी करवतीनं कापली आहे त्यांना माहीत आहे, तिचा भुसा मैद्यासारखा बारीक उडतो आणि कोपरापर्यंत हात खाजतात. काचच ती. आंघोळ केली तरी रात्री कुशीवर वळलं की टोचते. माझ्या दुकानात एक पोरगा आहे, तीन वर्षांपासून शिकतोय. तो त्या दिवशी ४८ खाचांच्या पट्ट्या कापत बसला होता. अर्ध्या कापून झाल्यावर तो म्हणाला, "भाऊ, हे पट्टी अंगाले खाजवत नाई जी."

मी काय म्हणालो? "बरं हाय ना मंग. काप लवकर."

त्याच्या पायाशी कापलेल्याचा कचरा पडला होता. मी तो पाहिला. भुसा नव्हता, बारीक वळलेल्या हिरव्या साली होत्या, पेन्सिल तासल्यावर पडतात तशा. काचेच्या पट्टीची साल निघत नाही, निघूच शकत नाही. मी त्या सालीवर पाय देऊन पलीकडे गेलो आणि फोन उचलला, कारण जिनिंगवाल्याचाच होता. सोळा वर्षांच्या पोराच्या कातडीनं जे ओळखलं ते माझ्या बावीस वर्षांनी ओळखलं नाही. दुसरी खूणही होती: ३० किलोच्या मानानं गठ्ठा भलताच जाड होता. मी मनात म्हणालो, पट्ट्या जास्त बसल्या, फायदाच झाला. जास्त बसल्या कारण त्या हलक्या होत्या. ग्लास इपॉक्सी पाण्याच्या जवळपास दुप्पट जड असते.

मोटर मी ओव्हनमध्ये भाजली असती तर तिथेच भांडं फुटलं असतं. पण माझ्याकडे मोठा ओव्हन नाही. तालुक्याच्या गावात किती जणांकडे आहे? आम्ही हवेत वाळणारं वार्निश ओततो आणि स्टेटरच्या पोटात २०० वॅटचे बल्ब लावून रात्रभर ठेवतो. सकाळी दोन-तीन पट्ट्या मधोमध किंचित वाकलेल्या दिसल्या. मला वाटलं बल्ब जवळ लागला असेल. त्या मी दाबून बसवल्या आणि मोटर देऊन टाकली.

नऊ दिवस चालली. दहाव्या दिवशी संध्याकाळी फोन, "घरघर आवाज येऊन राहिला, धूर निघाला." मोटर उघडली तेव्हा सात खाचांच्या पट्ट्या लोंबून रोटरला लागलेल्या होत्या. बाकीच्या मेणासारख्या ढिल्या. कॉईलचे वेढे खाचेच्या तोंडातून वर आलेले, इनॅमल घासून तांबं उघडं, स्टेटरच्या पत्र्यावर चरे. उरलेल्या गठ्ठ्याच्या मधली एक पट्टी तिथेच लायटरवर धरली. वितळून थेंब पडला. काडीनं ओढला तर तार निघाली. आत एक धागा काचेचा नाही. हिरवा रंग टाकलेलं प्लॅस्टिक.

त्या मोटरीला पुन्हा १७ किलो तार लागली, १६,१५० रुपये. पेपर-वार्निश २,४००. हंगामात फॅन बंद राहिला म्हणून जिनिंगवाल्यानं माझ्या बिलातून १५,००० कापले, आणि मी काही बोलू शकलो नाही. जळकं तांबं विकून ११,९०० आले. म्हणजे या एका मोटरीत २१,६५० गेले. मजुरी धरलेलीच नाही.

तोपर्यंत तीच पट्टी मी शेतकऱ्यांच्या ११ मोटरींना लावली होती. कामटी संपली होती आणि हे चांगलं म्हणून लावलं, तेही जास्त पैसे न घेता. आपल्याकडे वावरातल्या लाइनची गत सगळ्यांना ठाऊक आहे. वीज येते ती कधी दिवसा, कधी रात्री, आणि आली की सगळ्यांचे ऑटो स्विच एकदम मोटरी सुरू करतात. ४१५ च्या जागी ३४० व्होल्ट. व्होल्टेज पडलं की मोटर करंट जास्त ओढते, तापते, सुरू व्हायलाही वेळ घेते. अशा मोटरीत ते प्लॅस्टिक किती टिकणार? ११ पैकी ६ जळल्या. हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं बैलगाडीत टाकून मोटर परत आणली, दुकानापुढे उतरवली आणि एवढंच म्हणाला, "तुह्यावर भरोसा होता बाप्पा." सहाही मोटरी मी फुकट भरून दिल्या. जळकं तांबं वजा जाता प्रत्येकी १,५०० पदरचे, म्हणजे ९,०००. पट्टीचे जीएसटीसकट १२,०३६, बसचे ४५०. सगळे मिळून ४३,१३६ रुपये. पेपर कामाचा निघाला म्हणून त्याचे धरले नाहीत. मला खोटा हिशेब मांडायचा नाही.

त्या माणसाचा फोन पहिल्या दिवशी वाजला. "बघतो दादा" म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून बंद. बिलावर नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतला पत्ता होता, मी तिथे जाऊन आलो. त्या नंबरच्या प्लॉटवर पशुखाद्याचं गोदाम आहे. बिलावरचा जीएसटी नंबर सरकारी साइटवर टाकला तर नाव तिसऱ्याच कुणाचं, आणि नोंदणी रद्द झालेली. हे काम दोन मिनिटांचं आहे, पैसे पाठवण्याआधी करायचं होतं. तुम्ही करा. नंबर पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ नं होते, आणि साइटवर नाव, पत्ता आणि नोंदणी चालू की रद्द, तिन्ही दिसतं.

आता पोलिसांचं. ठाण्यात पहिल्या दिवशी दोन तास बाकावर बसवलं. मी पट्टी नेली होती, लायटर नेला होता, साहेबांना जाळून दाखवणार होतो. साहेबांनी पट्टीला हात लावला नाही. "माल मिळाला का?" मिळाला. "पेपर बरोबर आला म्हणता ना? मग फसवणूक कुठं झाली? हा व्यवहाराचा वाद आहे, सिव्हिल मॅटर." नमुना एक दाखवून माल दुसरा देणं ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेत ३१८ कलम कशासाठी ठेवलंय? दुसऱ्या खेपेला सांगितलं, पैसे मोबाइलवरून गेले ना, मग सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर फोन करा. तिथे फोन केला तर त्यांनीही विचारलं, माल मिळाला का. मिळाला म्हटल्यावर, जवळच्या ठाण्यात जा. तिसऱ्या खेपेला ज्यांनी मागच्या वेळी ऐकून घेतलं होतं ते बंदोबस्ताला गेलेले. चौथ्या खेपेला माझा अर्ज घेतला, पण पोच द्यायला तयार नाहीत. चार दिवस दुकान बंद ठेवून मी त्या बाकावर बसलो. माझ्यासमोर एका मोबाइल हरवलेल्या माणसाचं काम दहा मिनिटांत झालं, कारण त्याच्यासोबत गावचे पुढारी होते. बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणाले, तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत, आम्ही काय करणार. ज्या खात्यात गेले त्या खात्याचा माणूस कोण, एवढं तरी सांगा म्हटलं. पोलिसांचं पत्र आणा. पोलीस पत्र देत नाहीत कारण गुन्हा नाही, आणि गुन्हा नाही कारण पोलिसांना पट्टी म्हणजे काय हे समजून घ्यायचंच नाही. जीएसटीच्या ऑफिसात तर, रद्द नंबरावर वसूल केलेले ४,०६८ रुपये सरकारचेच बुडाले, हेही त्यांच्या गळी उतरवावं लागलं. त्यांनी ऑनलाइन तक्रार करा म्हणून सांगितलं.

ठाण्यानं गुन्हा नोंदवायला नकार दिला तर तोच अर्ज पोस्टानं जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो, कायद्यातच तशी सोय आहे. स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा. मी पाठवून दोन महिने झाले, उत्तर नाही. ग्राहक आयोगाच्या खिडकीवर आधी हाकलूनच लावलं, "धंद्यासाठी घेतलेला माल चालत नाही." हे अर्धंच खरं आहे. स्वतःच्या हातानं काम करून पोट भरणाऱ्यानं त्या कामासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या कायद्यात चालते. हे मला वकिलानं सांगितलं, खिडकीवरच्या माणसानं नाही. पाच लाखांच्या आतल्या मालाला फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे. माझा दावा मी टाकला आहे.

लायटर नसेल तर मधली पट्टी दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा आणि वाकवून पाहा. खरी आहे तशीच ताठ राहते. कापताना भुसा पाहा. आणि दुकानातला पोरगा काही बोलला तर हातातलं काम टाकून ऐका.

११ पैकी ६ जळल्या, ३ मी स्वतः जाऊन उघडल्या आणि कामटी लावून दिली. दोन मोटरींचा पत्ता मला लागत नाही. एक पाच एचपीची, हिरवट रंगाची, पाय वेल्डिंग केलेला. दुसरी तीन एचपीची, पंख्याचं कव्हर नसलेली. दोन्ही रोखीत नेल्या, वहीत फक्त "मामा" आणि "टेकडीजवळचे भाऊ" एवढं लिहिलेलं आहे. तुमच्या ओळखीत कुणी दिवाळी ते संक्रांतीच्या मधात माझ्याकडून अशी मोटर भरून नेली असेल, तर त्याला सांगा की सुरू करू नका. घेऊन या. तार, पेपर, मजुरी काही घेणार नाही.