जिथे फुली, तिथे सही

लिहायला लाज वाटते, कारण मी सोळा वर्षं अकाउंट्समध्ये आहे. लोकांच्या व्हाउचरमधला एक रुपयाचा फरक शोधून काढते आणि स्वतःच्या गृहकर्जात १,४७,५०० रुपये सोडून आले.

जानेवारी २०२५. गृहवित्त कंपनीकडे मागितले होते ३० लाख, मंजुरीपत्रावर ३१,४७,५००. आकडा माझ्या नजरेतून सुटला असता तर एवढं लागलं नसतं. मी पाहिला, बोट ठेवून विचारलंसुद्धा! एजंट म्हणाला, "मॅडम, त्यात इन्शुरन्स धरलाय. कंपल्सरी असतो, नाहीतर फाइल वर जातच नाही." आणि मी गप्प. गृहकर्जासाठी जीवन विमा घ्यायलाच हवा असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही, विमा नियामक आयआरडीएआयचाही नाही. सांगणाऱ्याकडे परिपत्रक मागा, लगेच सूर बदलतो.

पण घर विकणाऱ्याने दिलेली मुदत चार दिवसांवर आली होती, इसाराचे दोन लाख अडकलेले. माझ्या जागी कोणीही सही केली असती. निदान मी तरी स्वतःला तसं समजावते. गठ्ठ्यात पेन्सिलीने फुल्या मारलेल्या होत्या. "जिथे फुली, तिथे सही." एजंट पानाचा खालचा कोपरा तेवढा उचलायचा, मी सही करायची, पुढचं पान.

हप्ता २६,९९२ व्हायचा, तो २८,३१९ झाला. महिन्याला १,३२७ जास्त, २४० हप्त्यांत ३,१८,४८०. कर्ज वीस वर्षांचं, विमा पाच वर्षांचा! सहाव्या वर्षी मी गेले तर एक रुपया नाही, पण त्या विम्यापायी वाढलेले कर्जाचे हप्ते चालूच.

त्या गठ्ठ्यात 'की फॅक्ट्स स्टेटमेंट', म्हणजे कर्जाची मुख्य माहिती देणारा कागदही होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या कर्जाला ते बंधनकारक आहे, कर्जदाराला समजेल अशा भाषेत, विम्यासारखे खर्च धरून खरा वार्षिक दर दाखवणारं. ते हातात आल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. मला तीन मिनिटंही मिळाली नाहीत, आणि मी मागितलीही नाहीत. तुम्ही तो कागद घरी आणा. "आजच सही, उद्या रेट वाढेल" म्हणणाऱ्याला वाढवू दे.

मग सुरू झाली वरात. शाखा म्हणते, विमा कंपनीला विचारा. विमा कंपनी म्हणते, सही तुमचीच आहे. पोलीस चौकीत दीड तास बसवून सांगितलं, हे सिव्हिल मॅटर. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली, तर आधी कर्ज देणाऱ्याला लेखी कळवा, तीस दिवस थांबा. थांबले. मग उत्तर आलं की गृहवित्त कंपनीची तक्रार इथे चालत नाही, अशा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या राष्ट्रीय आवास बँकेकडे जा. हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? तिथून पत्र पुन्हा त्याच कंपनीकडे, आणि कंपनीचं उत्तर शब्दशः जुनंच. सगळे साहेब पगार घेऊन टपाल्याचं काम करतात.

पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत परत करता येते. माझी आलीच नाही. सात महिन्यांनी अर्जाची प्रत मिळाली, तेव्हा कळलं की फॉर्मवरचा ईमेल माझा नव्हताच, फॉर्म एजंटने भरला होता. आपला ईमेल आणि मोबाइल नंबर आपल्या हाताने लिहा.

पॉलिसी मला कधी मिळाली याचा पुरावा आता मीच विमा कंपनीकडे लेखी मागितलाय. उत्तर नाही. पाच तारखेला २८,३१९ गेले.