ओपनएलडॅपमधलं ॲट्रिब्यूट इनहेरिटन्स: आठ महिने वापरल्यानंतर
आमच्या संस्थेची डिरेक्टरी, म्हणजे माणसांच्या नोंदींचं केंद्रीय कोठार, आठ महिने मी सांभाळतोय. दादर, परळ, ठाणे अशा तीन शाखा, सगळ्यांचे लॉगिन आणि फोनबुक ओपनएलडॅप या डिरेक्टरी सर्व्हरवरच. सर्व्हरबद्दल तक्रार नाही, एकदा बसवला की चालत राहतो. मला लिहायचंय ते स्कीमामधल्या (नोंदीत काय काय आणि कसं भरायचं याच्या व्याख्यांमधल्या) 'सप' या एका शब्दाबद्दल, सप म्हणजे सुपीरियर, हे ॲट्रिब्यूट कोणत्या ॲट्रिब्यूटचं पोर ते सांगणारा, कारण तो कळेपर्यंत माझे दोन महिने गेले.

आधीच्या व्हेंडरने मराठी नावासाठी वेगळं ॲट्रिब्यूट (नोंदीतला एक रकाना) बनवून दिलं होतं, त्यात फक्त सिंटॅक्स (मजकुराचा प्रकार) लिहिलेला, इक्वॅलिटी रूलच (दोन व्हॅल्यू सारख्या कधी धरायच्या तो नियम) नाही. एंट्री उघडली की नाव समोर दिसतं पण सर्च केलं की शून्य रिझल्ट, आणि एररही नाही. एका मॅडमची माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं पडली होती, त्यातलं एक काढायला गेलो तर सर्व्हर म्हणतो मॅचिंग रूल नाही, काढायचं तर सगळ्या व्हॅल्यू एकदम रिप्लेस करा. मी आठवडाभर युनिकोडचा घोळ शोधत बसलो होतो.

मग एका शनिवारी रात्री स्लॅपकॅट या ओपनएलडॅपच्याच कमांडने डेटा काढला, व्याख्येत सिंटॅक्सच्या जागी 'सप नेम' लिहिलं, परत भरला आणि सगळं चालायला लागलं. नेम हे मूळ ॲट्रिब्यूट, ओआयडी (ओळख क्रमांक) २.५.४.४१. सीएन (पूर्ण नाव), एसएन (आडनाव), गिव्हननेम (पहिलं नाव) ही सगळी त्याचीच पोरं. लहानमोठी अक्षरं सारखी धरायचा रूल, अर्धवट नावाने शोधायचा रूल, आणि डिरेक्टरी स्ट्रिंग सिंटॅक्स, म्हणजे यूटीएफ-८, म्हणजे देवनागरी बिनधास्त, हे सगळं एका ओळीत वारशाने मिळतं. नाव आणि आडनावामध्ये कोणी दोन स्पेस टाकल्या तरी सापडतं. नेमला ऑर्डरिंग रूल (आधी-नंतरचा क्रम ठरवणारा) मात्र नाही, त्यामुळे 'क पासून पुढची नावं' असा फिल्टर पोरांनाही चालत नाही, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

सर्चही वारशाने चालतो. नेम वर शोधलं की खालच्या सगळ्या ॲट्रिब्यूटमध्ये शोधलं जातं. फोनबुकला मी हे लावलं आणि रिसेप्शनवरची मंडळी खूश झाली, फक्त एक गोष्ट मी विसरलो होतो की गावाचं एल, हुद्द्याचं टायटल, विभागाचं ओयू हीसुद्धा नेमचीच पोरं आहेत. दादरकर शोधायला कोणी नुसतं 'दादर' टाइप केलं की दादर शाखेचा अख्खा स्टाफ यादीत. आता फिल्टरमध्ये सीएन, एसएन आणि आमचं ॲट्रिब्यूट अशी तीनच नावं दिलीत.

सगळ्यात जास्त मी अडकलो ते परवानगीत. एंट्रीत कोणती ॲट्रिब्यूट हवीतच ('मस्ट') आणि कोणती चालतील ('मे') हे ऑब्जेक्टक्लासमध्ये लिहितात. मला वाटलं तिथे नेमला 'मे' म्हणून परवानगी दिली की पोरांनाही मिळाली. नाही मिळत! एलडॅपचं प्रमाणपत्रक आरएफसी ४५१२ मध्ये (२००६) हे स्पष्ट लिहिलंय, 'मस्ट नेम' असेल तर एंट्रीत सीएन असून भागत नाही आणि 'मे नेम' असेल तर तेवढ्यावर सीएन टाकता येत नाही. शोधताना घराणं बघतात, आत घेताना ज्याचं त्याचं नाव यादीत लागतं. सिंगल-व्हॅल्यूही (एकच व्हॅल्यू चालेल हे) ज्याच्या त्याच्या व्याख्येत लिहावं लागतं, देशाचं सी ॲट्रिब्यूट बघा, नेममध्ये ते नाही पण सीमध्ये वेगळं लिहिलंय.

नव्याने बसवणाऱ्यांनी मराठी नावासाठी वेगळं ॲट्रिब्यूट काढूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. सीएनलाच लँग-एमआर हा भाषेचा टॅग लावता येतो (मध्ये अर्धविराम देऊन, 'सीएन;लँग-एमआर' असा), तोही सबटाइपच, म्हणजे पोरच, धरला जातो, साध्या सीएनच्या सर्चमध्ये येतो, आणि सीएनला परवानगी असली की त्यालाही असते, कारण टाइप तोच राहतो. आमच्या पगाराच्या सॉफ्टवेअरला ॲट्रिब्यूटच्या नावातला हा अर्धविराम वाचता येत नाही, म्हणून आम्ही अजून जुन्या ॲट्रिब्यूटवरच आहोत.