मोबाईलला लावायची क्लिपवाली मॅक्रो लेन्स: ढेकूण शत्रू की मित्र ते कळतं

आमची कपाशी चोपडा तालुक्यात, मधे मधे तुरीच्या ओळी. दिवाळीनंतर तूर फुलोऱ्यात असताना पानांवर ढेकूण दिसायला लागले, हात लागला की तो उग्र वास बोटाला धरून बसतो. दुकानात विचारलं तर सरळ बाटलीच हातात दिली, मी म्हटलं आधी बघू तरी कोण आहे ते. भाच्याने जळगावहून ३५० रुपयांना ही १५ पटवाली लेन्स आणलेली, ती लावली.

आणि खरं सांगतो, एकाच ओळीत दोन वेगळे ढेकूण निघाले! एक पूर्ण हिरवा, खांदे गोल, सोंड बारीक आणि पोटाखाली दुमडलेली. हा नेझारा विरिडुला, शेंगेतला रस ओढतो आणि दाणे पोचट करतो. मूळचा आफ्रिका किंवा भूमध्य समुद्राकडचा मानतात, आता अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत पसरलाय. दुसरा तपकिरी, दोन्ही खांद्यांना टोकदार काटे, सोंड जाड आणि पुढे काढलेली, तिच्या टोकाला शेंगा पोखरणारी घाटेअळी लोंबत होती, अजून वळवळत होती. हा इओकॅन्थेकोना फरसेलाटा, भारतापासून तैवान, ओकिनावापर्यंत सापडतो आणि अळ्यांचा रस पिऊन जगतो. याची पिल्लं लाल-काळी असतात, ती दिसली की लोक घाबरून आधी त्यांच्यावरच पंप मारतात, माझ्या जिवाला फार लागतं ते बघून.

म्हणून त्या ओळींवर फवारलंच नाही. हिरव्याची अंडी पानाखाली पिंपासारखी एकाला एक चिकटून मांडलेली असतात, लेन्समधून ओळखायला सोपी, तेवढी पानं खुडून साबणाच्या पाण्यात टाकली.

आता लेन्सचं. दोन-तीन सेंटीमीटरवर न्यावी लागते, तेवढ्यात ढेकूण पानामागे सरकतो, सकाळी थंडीत गेलात तर हलत नाही, तेव्हाच फोटो काढा. वारा असेल तर फांदी दुसऱ्याला धरायला सांगा. काच चांगली आहे, कडेला थोडं धूसर येतं. पण क्लिपची स्प्रिंग दोन महिन्यांत सैल झाली, मी रबर लावून चालवतोय. पाचपैकी चार, एक क्लिपचा कापला. तूर, हरभरावाल्यांनी जरूर घ्या, आणि कव्हर काढूनच लावा, जाड कव्हरवर ती बसतच नाही.